आधी हात बघा

"चेहरा राहू द्या. आधी हात बघा."

कुठलंही चित्र समोर आलं की ते हातातल्या वर्तमानपत्राची घडी करायचे, ती चित्रातल्या माणसाच्या तोंडावर धरायचे आणि हे वाक्य म्हणायचे. लोकांच्या लग्नाचे अल्बमही यातून सुटले नाहीत. नवरीच्या मामाचे हात बघून त्यांनी एकदा निकाल दिला, "हा मनुष्य पंगत कधी बसतेय याची वाट बघतोय." मामा समोरच बसले होते. त्यांनी कबूल केलं.

ते आमचे डोंबिवलीचे शेजारी, एकाच मजल्यावरचे. बँकेतून निवृत्त झालेले. तुमच्याही इमारतीत असा कुणी असेल, ज्याच्या हॉलमध्ये आल्यागेल्याला न कळणारी एक तसबीर असते. यांच्याकडे एका जुन्या युरोपीय तैलचित्राची मोठी छापील प्रत होती. गोष्ट ग्रीक पुराणातली. एका राजाचं मरण येऊन ठेपलंय. त्याच्या जागी दुसरं कुणी मरायला तयार झालं तर तो वाचेल. म्हातारे आईबाप नाही म्हणतात. बायको हो म्हणते. चित्रात ती पलंगावर शेवटचे श्वास घेतेय. राजा उशाशी बसून रडतोय, तिचं मनगट त्याच्या हातात आहे. आईबाप मागे खांबाच्या सावलीत, भलतीकडे बघत उभे.

राजाराणीची नावं त्यांनी कधी सांगितली नाहीत. "नावं सांगितली की लोक नावं पाठ करतात आणि चित्र बघायचं सोडतात."

ज्येष्ठ नागरिक मंडळाने एकदा या चित्रावर त्यांचं व्याख्यान ठेवलं. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, कला म्हणजे काय हे अध्यक्षांनी वक्त्याच्या आधीच सांगून टाकलं. टेबलावर ती तसबीर उभी केलेली. आपल्याकडे कार्यक्रमात तसबीर दिसली की तिला हार घालायचाच असतो. आत कोण आहे ही चौकशी नंतरची. अध्यक्षांनी ग्रीक राजाराणीला झेंडूचा हार घातला, काचेवर कुंकू लावलं आणि डोळे मिटून हात जोडले.

मागून कुणीतरी विचारलं, "कुठले महाराज हो हे?"

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पहिल्या रांगेत तोंडाला पदर लावून हसत होत्या. हार नेमका राजाच्या चेहऱ्यावर आला होता. कुणी कानात सांगितल्यावर अध्यक्ष ओशाळून तो काढायला गेले.

"असू दे, असू दे," हे म्हणाले. "बरंच झालं. रडणारं तोंड झाकलं गेलं. आता हात बघा. मनगट धरलंय. हा हात तिला थांबवतोय, की पोचवतोय?"

"थांबवतोय!" सभागृह एकमताने म्हणालं.

"मग तोंडाने 'नको' का नाही म्हणाला? एवढासा शब्द. छे, पोचवतोय."

मग चहा आला.

पुढे त्यांच्याच किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं. मूलबाळ नव्हतं. गावच्या धाकट्या भावाचा फोन अचानक रेंजबाहेर राहू लागला. मग वहिनी म्हणाल्या, "माझी घ्या की." भुरभुर सुरू झाल्यावर छत्री पुढे करावी, तसं.

ते भडकले. "खुळी आहेस का? हा विषय या घरात नको." दाराबाहेर, लिफ्टमध्ये, मी दिसलो की मलाही ते ऐकवायचे. तो पावसाळा त्यांनी नको म्हणत काढला. दिवाळीनंतर मात्र तो शब्द कानावर येईनासा झाला. मी विचारलं नाही. काय विचारणार?

एका सकाळी वहिनींनी आमचं दार वाजवलं. "ठाण्याला, नौपाड्यात मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय. माझ्या तपासण्यांचे रिपोर्ट आलेत. तुम्ही बरोबर याल का?" त्यांच्यामागे हे वाकून बुटाची लेस बांधत होते. वर बघितलं नाही.

डॉक्टर सभ्य होते. वहिनींची किडनी घेता येणार नाही, म्हणाले. साखरेने त्यांच्या स्वतःच्याच दोन्ही अधू करून ठेवल्या होत्या.

परतताना शीळफाट्याला गाडी अडकली. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागे वहिनी रडत होत्या.

"उरलेला शिरा टाकवत नाही म्हणून मीच खायचे हो. दर वेळी मीच."

ते पुढे वाकून मला म्हणाले, "त्या व्याख्यानाला होतात ना तुम्ही?"

"होतो."

"हिने परत विचारलं, तेव्हा मी गप्प बसलो. 'नको' तोंडातून निघेना. म्हणजे होच म्हणालो की."

"अहो, पुरे," वहिनी म्हणाल्या. "जगावंसं वाटलं, तर त्यात काय बिघडलं?"

"त्या गोष्टीत शेवटी एक पैलवान येतो. यमाशी कुस्ती खेळून राणीला परत आणतो. मी तो भाग कधी सांगितला नाही. पोरकट वाटायचा." ते खिडकीबाहेर ट्रेलरच्या चाकाकडे बघत होते. "आता वाटतं, असावा तो."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी मागे वळलो. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि आमच्या अख्ख्या सोसायटीत यमाशी कुस्ती खेळेल असं कुणी नव्हतं. चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून हात बघितले. वहिनींचं मनगट त्यांनी धरलेलं होतं. कशासाठी, ते मला ठरवता आलं नाही.

त्या थंडीतच ते गेले.

वहिनींनी ती तसबीर हलवलेली नाही. तिच्याशेजारी आता त्यांचा फोटो आहे, बँकेच्या ओळखपत्रावरचा मोठा केलेला. अध्यक्ष चंदनाचा हार घेऊन आले होते. या वेळी योग्य तसबिरीला घातला. मी अधूनमधून वहिनींकडे वर्तमानपत्र द्यायला जातो आणि फोटोपुढे जरा थांबतो. घडी हातात असतेच. पण फोटो खांद्यापर्यंतच आहे. हात त्यात आलेले नाहीत.