कूडमातली मंडळी

मूत्रविकारांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, लघवी कधीपासून रोखून धरता? मी म्हटलं, लग्न झाल्यापासून. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्याआधी कित्येक वर्षं मी जळजळीच्या गोळ्या खात होते. गोळ्या संपल्या की थोडे दिवस बरं, मग पुन्हा ओटीपोटात निखारा. इथे पहिल्यांदाच लघवी करून आल्यावर कुणीतरी पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. लघवीची पिशवी पुरती रिकामी झालीच नव्हती. उरलेल्यात जंतू पुन्हा वाढतात, म्हणून नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, असं बाईंनी समजावलं. खालचे स्नायू आवळून धरायला इतके सरावलेत की सैल व्हायचं विसरलेत.

ही विद्या मी कुठे शिकले ते सांगते. आम्ही तंजावरकडचे मराठी. माझं सासर तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात. संडास मागच्या अंगणात, आणि वाटेत कूडम, म्हणजे घराचा मधला दिवाणखाना. तिथे सासरे आणि त्यांचे स्नेही दिवसभर पान चघळत पत्ते खेळत. नव्या सुनेने त्यांच्यासमोरून कसं जायचं? त्यापेक्षा मी पाणी पिणंच सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं हं, बाईसाहेबांची स्वतःची अक्कल. सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, आमची सून कधी कामातून उठून मागे जाताना दिसत नाही. ते ऐकून मी डोसे घालता घालता आणखी फुगायचे. फुगायला जागा उरली होती हेच नवल.

डॉक्टरबाईंनी मला फिजिओथेरपीच्या मुलीकडे सोपवलं. ती नातीच्या वयाची. मला पाट्टी म्हणते, तमिळमधली आजी. श्वास पोटात घ्या, खालून सैल सोडा, जोर लावू नका. तिच्यासमोर मला जमायचं, घरी मात्र नाही. एकदा ती म्हणाली, घरी काय काय करता ते सगळं सांगा. मी सांगू लागले. खुर्चीतून उठते, दाराशी थांबते, कानोसा घेते...

"कुणाचा कानोसा, पाट्टी?"

"हॉलमध्ये कुणी बसलंय का, त्याचा."

"पण तुम्ही तर एकट्याच राहता ना?"

मी पिशवी उचलली आणि बसस्टॉपवर आले.

तांबरमच्या माझ्या फ्लॅटमध्ये हॉल आहे, हॉलमध्ये सोफा आहे. यजमान गेल्यापासून त्यावर वाळलेले कपडे तेवढे बसतात. मुलाचा फोन रविवारी येतो.

त्या दुपारी मी बाथरूमचं दार सताड उघडं टाकून बसले. समोर सोफा, सोफ्यावर माझ्याच साड्या. श्वास पोटात घेतला. बराच वेळ काही नाही. मग सासऱ्यांच्या पत्तेवाल्या मंडळींना एकेक करून मनातून उठवलं. पुरे झालं, घरी जा आता, बायका वाट बघतायत. शेवटचे सासरे. ते उठायला जरा वेळ लागला. आणि मग सगळं आपोआप मोकळं झालं.

पुढच्या सोनोग्राफीत पडद्यावर पिशवी जवळजवळ रिकामी दिसली. डॉक्टरबाई तेव्हा हसल्या. ओटीपोट अजून अधूनमधून कुरकुरतं, पण निखारा नाही. पाणीही पोटभर पिते.

दार मात्र उघडंच ठेवते. कधी कधी वाटतं, कुणीतरी न सांगता यावं, आणि मला घाईघाईने ते लावून घ्यावं लागावं.