माइक काय म्हणते?

आमच्या धंद्यात किस्से साचतातच. ज्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही, तिथून किस्सा तरी कसा जाणार?

राजापेठेत दुसऱ्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे. गायक येतो, गातो, जातो. मग त्याचं गाणं आणि मी! एकच कडवं दिवसभर ऐकायचं, घासूनपुसून सुरात आणायचं. हे मी कुठे शिकलो नाही. आधी स्पीकर विकायचो, गिऱ्हाइकाला वाजवून दाखवता दाखवता नाद लागला. आता मालक मीच, नोकर मीच. दार बंद दिसलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, म्हणून सुट्टी नाही.

माय गावी असते, नांदगाव खंडेश्वरकडे. तिला कमी ऐकू येतं. आवाजाचा धंदा करणाऱ्याची माय, बघा! मी फोनवर ओरडतो, "माय, जेवली काय?" तिकडून येतं, "कोण बोलून राहिलं?" आणि फोन बंद. कानाचं मशीन घेऊन दिलं, तर "कानात पाखरू फडफडते" म्हणून तिनं ते डब्यात ठेवून दिलं. इकडे ये म्हटलं, तर "तुह्या त्या बंद खोलीत माहा जीव घाबरते." जगाचे आवाज साफ करून देतो, पण एवढं एक वाक्य तिच्यापर्यंत पोचवणं काही जमेना.

असो. किस्से ऐका.

*

आवाज घुमू नये म्हणून सुरुवातीला मी भिंतींना गाद्या लावल्या होत्या. अंजनगाव सुर्जीचे एक काका जिना चढून आले. माइककडे बघितलंसुद्धा नाही. भिंत दाबून म्हणाले, "कापूस चांगला हाय. डबलची हाय काय?"

"काका, हा स्टुडिओ आहे."

"असू दे ना. आमाले काय करायचं? गादी इकतं का नाई, ते सांग!"

मी पडलो धंदेवाला. विकली!

त्या आठवड्यातली सगळी गाणी घुमली. लोक म्हणाले, "भाऊ, काय इफेक्ट देल्ला!"

*

एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं गाणं केलं. ढोल, ताशा, सनई, मागे कोरस. मी स्वतःवर खूश. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं.

"छान आहे. पण माझं नाव कमी येऊन राहिलं."

प्रत्येक ओळीत नाव घातलं. पुन्हा ऐकलं.

"सनईत दबून राहिलं." सनई काढली. "ताशात दबून राहिलं." ताशा काढला.

शेवटी साहेब म्हणाले, "असं करा, म्युझिकच काढून टाका!"

आणि काढलं हो. मिरवणुकीत डीजेवर नुसतं नाव वाजलं. पोरं त्यावरही नाचली!

*

अकोल्याची एक मुलगी. लग्नात नवरीच्या एन्ट्रीला वाजवायचं गाणं तिनं करून घेतलं होतं, त्यात नवऱ्याचं नाव अमोल. महिन्याभरानं ती एकटीच आली.

"दादा, चाल तीच ठेवा. मुलगा बदलला."

"नाव काय?"

"ज्ञानेश्वर."

अमोलच्या जागी ज्ञानेश्वर बसवायचा म्हणजे स्कूटरवर आख्खं कुटुंब बसवायचं! दुपारभर खटपट केली. नाव एकदाचं बसलं. तिनं हेडफोन लावून पूर्ण ऐकलं, मग हळूच विचारलं, "दादा, जुनं गाणं... डिलीट केलं काय?"

"नाही अजून."

"बरं," म्हणाली, आणि निघाली. करा म्हणाली नाही, ठेवा म्हणाली नाही. आहे अजून कॉम्प्युटरमध्ये.

*

खाली बबनभाऊंची चहाची टपरी आहे. एकदा ते स्वतः कप घेऊन वर आले. मी माइक तपासत होतो. "हॅलो, हॅलो, कसं काय, बरं हाय ना" असं चाललं होतं. बबनभाऊ दारात थबकले. खोलीत माझ्याशिवाय कोणी नाही.

"भाऊ, कोणासंग बोलून राहिले?"

"माइकसंग."

त्यांनी कप ठेवला. माइककडे नीट बघितलं.

"मंग? काय म्हणते तो?"

*

आता शेवटचा. भांड्यांच्या दुकानवाल्या एका सेठचं काम आलं. जुना कुकर द्या, नवा न्या, अशी योजना. माझ्याच आवाजात जाहिरात केली. भोंगे लावलेले त्यांचे ऑटो गावोगाव फिरणार. त्यातला एक, रफिकभाईंचा, थेट मायच्या गावाला जाणार होता. भोंगा! तो तर तिला ऐकू जाईल!

रफिकभाईंच्या पेनड्राइव्हवर मी जाहिरातीच्या शेवटी तीन शब्द जोडले, "माय, जेवली काय?" आवाजाला अशी पॉलिश मारली, की रेडिओवाल्यानं विचारावं कोण आहे हा.

गडबड अशी झाली, की सेठच्या माणसानं नेमका तोच पेनड्राइव्ह सगळ्या ऑटोंसाठी कॉपी केला. आख्खा तालुका जेवला की नाही, हे मी विचारत सुटलो! सेठचा फोन आला तेव्हा म्हटलं, गेलं गिऱ्हाईक.

सेठ म्हणाले, "ते जेवल्याचं राहू द्या बरं! बाया दुकानात येऊन म्हणून राहिल्या, घरी कोणी विचारत नाई, तुमचा भोंगा तरी विचारते!"

संध्याकाळी रफिकभाई जिना चढून आले. हसत होते.

"भाई, तुमच्या मायनं गाडी अडवली. दोनदा लावाले लावलं. मंग माइकच घेतला हातातून! आख्ख्या गावानं ऐकलं. मी मोबाइलमदे भरून आणलं."

रफिकभाई गेल्यावर मी दार लावलं, हेडफोन घातले. आधी भोंग्याची शिट्टी, मग कोंबड्या, मग माय, तिच्या नेहमीच्या ओरडून बोलण्यात:

"जेवली! कुकर चांगला हाय माहा, बदलून नाई पायजे! अन् विनू, तुहा आवाज काहून असा येऊन राहिला रे? कोणासंग बोलतच नाई काय दिवसभर?"