लॅमिनेशन केलेली सहा आश्चर्यं

तुम्ही परवा फोनवर विचारलंत, "आजी, ती सात आश्चर्यांची चित्रं अजून आहेत ना?" मी "आहेत" म्हटलं आणि विषय बदलला. ते अर्धंच खरं होतं. पूर्ण खरं इथे लिहिते, कारण फोनवर माझा आवाज चढला असता.

चित्रं माझ्या वडिलांची. ते तुमसरला इंग्रजी शिकवायचे. मँगनीजच्या खाणीतला एक साहेब सामान विकून मायदेशी गेला, तेव्हा त्यांनी ती घेतली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून जाड, पिवळसर कागदावर छापलेली. बाबिलोनच्या टांगत्या बागा, ऱ्होड्सचा पुतळा, अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभ. पिरॅमिड सोडला तर त्यातलं काहीच आता उभं नाही, आणि कोरणाऱ्यानेही ते पाहिलेलं नव्हतं. वडील मला साबणाने हात धुवायला लावत, नीट पुसायला लावत आणि मग म्हणत, "डोळे मीट." शाईवरून बोट फिरवलं की प्रत्येक रेघ किंचित उंच लागायची. डोळे मिटून मी त्या पुतळ्याचा गुडघा ओळखायची. तुमचीही बोटं तिथे फिरावीत, एवढ्यासाठी मी ती कधी काचेत लावली नाहीत. मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवली.

गेल्या महिन्यात एकोडीला लग्नाला गेले होते. दोन दिवसांनी परतले तर माझा पुतण्या दारात हसत उभा. वरठीच्या कारखान्यात आहे, तोच. घराची किल्ली त्याच्याकडे होती. टेबलावर चित्रं मांडलेली, चकाकत होती.

"काकू, तुमी म्हणत होत्या ना, कसर लागून राहिली? घ्या, लॅमिनेशन करून आणलं. आता चहा सांडला तरी काही होत नाही."

मी बोट ठेवलं. गुळगुळीत. एकही रेघ लागेना.

"तुले कोनं सांगतलं होतं?"

"कोनी कायले सांगन? माह्या मार्कशीट, सातबारा, समदं असंच ठेवलं आहे मी."

"हे मार्कशीट आहे काय? काढ ते प्लास्टिक!"

"निघत नाही, काकू. कागद फाटते. पन दिसते तर पहिल्यापेक्षा भारी. टीव्हीसारखं."

त्यावर मी जे बोलले ते शेजारच्यांनीही ऐकलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. तुमचे बाबा मला समजावतात, "आई, त्याचा हेतू चांगला होता." हेतूचं मी काय करू? इतकी वर्षं वर्गात सांगत आले, दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नका. घरातल्यालाच ते सांगायचं राहिलं.

मग मी चित्रं मोजली. सहाच भरली.

"सातवं कुठे आहे?"

"ते मोठं होतं, मशीनमधी गेलं नाही. दुकानवाला म्हने, कडा कापून आना. उद्या नेतो."

मी त्याच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली. आत दीपस्तंभ होता, सुरळी करून कोंबलेला, पण प्लास्टिकविना. त्याच वेळी घराची किल्लीही परत घेतली.

तर बाळांनो, त्या दीपस्तंभाचा फोटो मागू नका. पाठवणार नाही. स्कॅनही नाही. सुट्टी नाही, तिकीट महाग आहे, हे मला ऐकायचं नाही. या. हात साबणाने धुवा, कोरडे करा, डोळे मिटा. डाव्या कोपऱ्यात खाली लाटा आहेत. तिथून सुरुवात करायची.