काखेतली बाटली

काकू आमच्या प्रयोगशाळेत आल्या तेव्हा त्यांची मुलगी कॉलेजात होती आणि आम्ही बाकीचे त्या मुलीहून जेमतेम मोठे. लग्न, बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण यांत अर्धवट राहिलेलं संशोधन पुरं करायला त्या परतल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी शेजारच्या टेबलावरचा माझा पसारा न विचारता आवरला. मी फणकारले. दुसऱ्या दिवशी हवी ती कात्री चटकन हाताला लागली, तेव्हा मुकाट्यानं बसले.

त्यांचं काम तंबाखूच्या पेशींवर. या पेशी चंबूत, पोषकद्रवात वाढतात आणि चंबू हलत्या फळीवर अखंड डुलत असतो. पेशी आत प्रथिनं बनवतात, त्यांची पुडकी बांधतात आणि बाहेर द्रवात सोडतात. एका बुरशीपासून मिळणारं औषध द्रवात घातलं, की पुडकी बांधण्याचं काम ठप्प होतं आणि प्रथिन आतच तुंबून राहतं. मग बाहेरचा द्रव थेंबभर घेऊन त्यात तपासणीचं रसायन टाकलं, तर एरवी येणारा विटकरी रंग येतच नाही. इथपर्यंत आमचे मार्गदर्शक सर आणि काकू यांचं एकमत होतं.

गाडं अडलं ते पुढे. सर म्हणायचे, औषधानं पेशी मरतात, आणि मेलेली पेशी कसलं प्रथिन सोडणार? काकू म्हणायच्या, त्या मरत नाहीत, नुसत्या थांबतात. औषध धुऊन काढलं की पुन्हा कामाला लागतात, हे त्यांनी कितीदा स्वतः पाहिलं होतं. सर खमके. त्यांनी स्वच्छ सांगितलं, माझ्यासमोर करून दाखवा, नाही जमलं तर हा विषय सोडा आणि नवा घ्या. नव्या विषयाइतकी सवड काकूंना घरून मिळणार नव्हती. या वयात हा खटाटोप कशाला, असं त्यांची नणंद आधीच येताजाता ऐकवत होती. हा विषय गेला असता तर काकूही गेल्या असत्या.

करून दाखवायच्या दिवशी काकू इस्त्रीचा कोट घालून आल्या. एरवी काम करताना त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा, आज मात्र त्यांनी पुस्तक समोर उघडून ठेवलं. फ्रिजमधून ताज्या द्रवाची बाटली काढली, त्यानं औषध दिलेल्या पेशी पुस्तकात दिल्याबरहुकूम धुतल्या, चंबू फळीवर ठेवला. थोड्या वेळानं थेंब तपासला. कोरा. पुन्हा तपासला, पुन्हा कोरा. सरांना तासाला जायचं होतं. माणूस वाईट नव्हता, चष्मा काढून हळूच म्हणाला, "बाई, मेल्यात हो त्या."

ते गेल्यावर काकूंनी चंबू मोरीत रिकामा केला आणि घासायला घेतला. मग स्वच्छ होते ते चंबूही घासायला घेतले. मला सरांचा राग आला, त्या न पाहिलेल्या नणंदेचा आला, पेशींचासुद्धा आला.

काहीतरी करावं म्हणून मी द्रवाची बाटली फ्रिजमध्ये ठेवायला उचलली. अजूनही चांगलीच गार होती. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकू रोज सकाळी ही बाटली काढून काखेत, कोटाच्या आत धरायच्या आणि तिचा गारवा जाईपर्यंत तशाच इकडेतिकडे वावरायच्या. मुलगी तान्ही असताना दुधाची बाटली अशी धरायची लागलेली सवय. त्यावरून आम्ही त्यांची किती टिंगल केली असेल.

"काकू, आज बाटली काखेत नव्हती."

"अगं, सरांसमोर कशी धरणार? बरं दिसतं का ते?" एवढं म्हणाल्या आणि त्यांचा हात साबणात थांबला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

सरांची समजूत मी घातली, म्हणजे जवळजवळ भांडलेच. दुसऱ्या दिवशी ते आले, पण त्यांनी एक अट घातली. एका चंबूतल्या पेशी गार द्रवानं धुवायच्या, दुसऱ्यातल्या काखेत ऊब दिलेल्या द्रवानं. काकू लालबुंद होऊन, काखेत बाटली धरून उभ्या राहिल्या आणि लाज झाकायला सरांना त्यांच्या नातवाच्या दातांबद्दल विचारत सुटल्या. मग दोन्ही चंबू धुतले. उबेच्या चंबूतला थेंब आधी फिकट, मग चांगला विटकरी झाला. गार चंबूतला कोराच. सरांनी दुसरा थेंब स्वतःच्या हातानं तपासला आणि म्हणाले, "माझंच चुकलं, बाई. लिहायला घ्या."

मी आनंदानं काकूंना मिठी मारली. चहा झाला, नणंदेवर दोन विनोद झाले. गार चंबू कोणी काढलाच नव्हता, तो फळीवर डुलतच होता. मोरीत ओतण्याआधी काकूंनी सहज त्याचाही एक थेंब तपासला.

तोही विटकरी झाला. गारठलेल्या पेशींना उठायला तेवढा जास्त वेळ लागला होता, इतकंच.

काकू स्टुलावर बसल्या. मला वाटलं, आता हसतील. त्या मोरीकडे बघत राहिल्या.

"कालच्या मी ओतून दिल्या गं," त्या म्हणाल्या. "जिवंत होत्या."

मी दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांचा हात हातात घेतला.