किड म्हणजे करडू

"बरोबर आहे. मेंढरांमागे वाढलेल्यांना आपण माणसाचं पोर होतो हे कुठून आठवणार?"

इंग्रजीचे सर हे बोलले आणि अख्खा वर्ग हसला. मंचरच्या कॉलेजात अकरावीला होते मी, नव्वद सालानंतरची गोष्ट. सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं होतं, 'व्हेन आय वॉज अ किड, माय फादर वॉज व्हेरी स्ट्रिक्ट.' मराठी करायला मला उभं केलं. मी खणखणीत आवाजात सांगितलं, "मी करडू होते तेव्हा माझे वडील फार कडक होते."

चुकले. पण का चुकले ते कुणी विचारलं नाही. गावच्या शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात एक पान होतं, जनावरं आणि त्यांची पिल्लं. गाय-काफ, मेंढी-लँब, बकरी-किड. आम्ही धनगर. अवसरीच्या शिवारात माझ्या वडिलांची, आबांची मेंढरं आणि चार शेळ्या. सगळ्या इंग्रजीत तेवढं एकच पान आमच्या घरातलं होतं. ते मी एका दिवसात पाठ केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव करडू. मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून बॅऽ बॅऽ. मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज आली, आणि तीही घरच्यांची. ओढणीला वास येतो का म्हणून मी हुंगून बघायचे. दोन-दोनदा साबण लावायचे. कुणी विचारलंच तर आमची बागायत आहे, असं ठोकून द्यायचे.

एकदा मी डबा विसरले. आबा मेंढरं चुलत्याच्या हवाली करून तो घेऊन आले. फाटकाशी उभे. खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल मुंडासं. बरोबरच्या मुलीनं विचारलं, कोण गं हे?

माझ्या तोंडून निघालं, "आमच्याकडचा गडी."

आबांनी ऐकलं. जन्मापासून मला 'तू' म्हणणारा माणूस. पुढे आले, डबा हातात दिला आणि म्हणाले, "तुमचा डबा ऱ्हायला व्हता, ताई."

आणि गेले. घरी आल्यावर नेहमीसारख्या शेळ्या बांधल्या. त्यांनी एक मुस्काटात द्यावी असं मला वाटत होतं. दिली असती तर सुटले असते.

त्याच आठवड्यात लायब्ररीत जाऊन मी जाडी डिक्शनरी काढली. कशापायी मी बाप नाकारला, ते एकदाचं बघायचं होतं. किडचा पहिला अर्थ दिला होता, करडू. माणसाचं पोर त्याच्या खाली, तेही बोलण्यातला वापर म्हणून.

पुढच्या तासाला मी उभी राहिले. वाक्य चुकलं हे कबूल केलं, अर्थ मनचा नव्हता हेही सांगितलं. मग म्हणाले, सर, तुम्ही माझ्या इंग्रजीला हसला नाहीत, माझ्या घराला हसलात. सरांनी माफीनामा मागितला, वडिलांना समोर उभं करून. नाहीतर तासाला बसू देणार नव्हते.

आबा आले. स्टाफरूमच्या दारात वहाणा काढून उभे राहिले. सरांनी विचारलं, हे कोण.

"माझे वडील," मी म्हणाले.

आबा हळूच म्हणाले, "माग माफी, पोरी. साळा बुडंल. आपलं काय जातंय?"

"आबा, माफी मागायची ती तुमची. ह्यांची न्हाई."

आबांनी मान खाली घातली. मी माफीनाम्याचा कागद कोराच सरांच्या टेबलावर ठेवला.

इंग्रजीचा तास मला वर्षभर बंद राहिला. व्हरांड्यात खिडकीशी उभी राहून मी तो ऐकला. बारावीला इंग्रजी कसंबसं सुटलं.

आबा आता नाहीत. फाटकावरचं त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून माफ केलं असं मी धरत नाही. लोक म्हणतात, पोरवय होतं, सोडून दे. नाही सोडणार. सरांचं हसणंही नाही आणि माझे ते दोन शब्दही नाही. माझ्या माणसाकडे बोट करून कुणी कोण म्हणून विचारलं, तर नातं सांगेन. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगेन, आणि त्याची नजर खाली जाईपर्यंत माझी हटवणार नाही.