पिवळ्या तापाची सुई

टोचून घ्यायच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाकडं एक तरी किस्सा असतोच. आम्ही तर चौघं जण कितीतरी दिवस दंड उघडे टाकून फिरत होतो, मग विचारता काय!

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. केनियातल्या एका कापड गिरणीला माग बसवायला माणसं हवी होती. माधवनगरच्या आमच्या गिरणीतनं चौघांची निवड झाली: लष्करातनं रिटायर होऊन आलेले हवालदार, आटपाडीचा नामदेव, सांगलीजवळचा भूपाल आणि मी. अट अशी, की येणार तर चौघं मिळून या. एक गळला की सगळे रद्द!

टोचण्यांबद्दल तिकडून कळवलं होतं, "देवी आणि कॉलरा पाहिजेच. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा."

तुमचं तुम्ही ठरवा! आम्हाला लुंगी कुठली घ्यायची ते ठरवायला बायको लागते, आणि हे म्हणे टायफॉइड ठरवा, पिवळा ताप ठरवा. माझी तर झोपच उडाली.

* * *

हवालदार साताऱ्याचे. त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारायला आम्ही एस.टी.नं साताऱ्याला गेलो. हवालदारांचं म्हणणं एकच, "गड्यांनो, फौजेत लायनीत उभं करून दोन्ही दंडांत टोचायचे. माझं काय बी राहिलं न्हाई!"

दवाखान्यात क्लार्कनं विचारलं, "देवी काढल्याचा दाखला?"

"दाखला कशाला? दंड बघा की!" हवालदारांनी शर्टच काढला.

क्लार्क वाकून बघतो तर दंडावर रुपयाएवढा खड्डा. "हा देवीचा वण?"

"छ्या! ही गोळी. देवीचा वण हितंच हुता, गोळीनं नेला."

क्लार्कनं पेन उचललं. "मग गोळीवाल्याकडनं दाखला आणा, नाहीतर परत देवी काढा!"

हवालदार शर्ट काखेत मारून रांगेत उभे राहिले. डॉक्टरांनी मात्र ठरवूनच टाकलं. म्हणाले, "पिवळ्या तापाची घ्याच. जाताना कुणी विचारेल, न विचारेल. पण सुई न घेता परत आलात तर आपलीच माणसं तुम्हाला विमानातनं उतरल्या उतरल्या वेगळं कोंडून ठेवतील. आणि तिकडं तो ताप आलाच, तर औषध नाही."

औषध नाही!

* * *

कॉलऱ्याची सुई घेतली आणि मला सणकून ताप भरला. दंड असा सुजला की सदऱ्याची बाही उसवावी लागली. बायको कपाळावर पट्ट्या ठेवत म्हणाली, "आवं, आजारी पडू नये म्हणून सुई, आन् सुईनंच आजारी! जायाच्या आधी ही गत, तर तिकडं कोण हाय तुमचं?"

हे ऐकून टायफॉइडची घ्यायची का नाही यावर मी पुन्हा विचार करायला लागलो. मग बायकोनंच ठरवलं. दुसऱ्या दिवशी हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली, आणि सुई टोचताना स्वतःच रडली!

* * *

नामदेवानं देवी काढून घेतल्या आणि तो गिरणीत यायचाच बंद झाला. मुंबईला जायचा दिवस जवळ आलेला. आमच्या जिवाला घोर. शेवटी तिघं आटपाडीला गेलो.

घराच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे! आत फोडणीचा वास नाही. नामदेव दाढी वाढवून घोंगडीवर बसलेला, पुढ्यात दहीभात. दंडावरचा फोड पिकला होता. त्याच्या म्हाताऱ्या आईच्या हिशेबी घरात देवी आली होती, आणि देवी घरात असताना माणूस वेस ओलांडत नाही.

"अवो मावशी, ही सरकारी देवी," हवालदार म्हणाले. "आमच्या सगळ्यांच्याच दंडावर हाय!"

म्हातारीनं तिघांचे दंड निरखून बघितले आणि आतनं आणखी तीन घोंगड्या आणल्या.

"मग तुमी तरी कुठं निघालासा? बसा!"

फोडावर खपली धरेपर्यंत चांगले दोन दिवस बसलो. दहीभात खाऊन!

* * *

आता राहिली पिवळ्या तापाची सुई. मधल्या काळात तिकडनं पत्र आलं होतं, तीही पाहिजेच. ती फक्त मुंबईत मिळायची. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात भूपालनं कुठनंतरी ऐकलं, की ती लस अंड्यात वाढवतात.

भूपालचं घर जैन. दिवेलागणीच्या आत जेवण, कांदा-बटाटा घरात नाही, नळाला गाळायचं फडकं. वडील लहानपणीच गेलेले, आईला, म्हणजे आमच्या काकूंना, हा एकुलता एक. तिची भक्ती एवढी की गल्लीतल्या बायका तिला विचारून उपास धरायच्या. भूपाल दोन दिवस जेवला नाही. नाही म्हणावं तर चौघांची नोकरी जाते, हो म्हणावं तर धर्म. शेवटी म्हणाला, "घेतो. पर आईला कळू देऊ नका. हातरुण धरंल ती."

आम्ही शपथ घेतली. आणि आई म्हणाली, "माझ्या लेकराला टोचणार, तवा मी संगट असणार!" आली की मुंबईला!

दवाखान्यात माझं, हवालदारांचं, नामदेवाचं झालं. भूपाल खुर्चीत बसला. आई शेजारी उभी. डॉक्टरांनी सुई भरता भरता विचारलं, "अंडं खाल्लंय कधी? त्रास झाला होता?"

भूपाल पांढराफटक. आम्ही तिघं छताकडं बघायला लागलो.

"न्हाई," भूपाल पुटपुटला. "जन्मात खाल्लं न्हाई."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "मग पंचाईत आहे. ही लस अंड्यातली. काही जणांना अंडं सोसत नाही, श्वास कोंडतो. तुम्हाला सोसतं की नाही, कुणाला ठाऊक? मी असं जिवावर नाही बेतू देणार. नाहीच टोचत."

संपलं! केनिया गेलं. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला नोकरीचं काही वाटलं नाही. काकूंच्या तोंडाकडं बघायची हिंमत होत नव्हती.

काकूंनी पदर डोक्यावरनं सारखा केला.

"खाल्लंय," त्या म्हणाल्या.

"आई!"

"तू गप. डॉक्टरसाहेब, ह्यो तीन वर्साचा हुता. दिवसेंदिवस सुकत चाललेला. सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलं, त्यापायी रोज एक दुधात घालून पाजलं, पावसाळाभर. घरात कुणाला ठावं न्हाई." त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "त्याला काय बी झालं न्हाई. बाळसं धरलं."

भूपाल आईकडं बघत राहिला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. पुढं होऊन त्याची बाही स्वतःच्या हातानं वर सारली.

"टोचा."