वरची रेघ, वरची तार

माझ्याकडं एके काळी गिटार होती असं सांगितलं की आमच्या भागातली माणसं आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग माझ्या मागं दुसरा कुणी उभा आहे का ते बघतात. त्यांचं काही चुकत नाही. माळेगावच्या उसात वाढलेलं पोर, डोक्याला खोबरेल चोपडलेलं, कारखान्याच्या वजनकाट्यावर गाड्या मोजायला बसलेलं, आणि त्याच्या गळ्यात गिटार! पण होती बुवा. छप्पन्न-सत्तावन्न सालातली गोष्ट. कारखाना नवा होता. भोंगा झाला की घड्याळ नसलेली माणसंसुद्धा मनगटाकडं बघायची. मी तर तिथं नोकरीलाच, म्हणजे माझ्या हिशेबानं निम्मा साहेब.

उरलेला निम्मा साहेब व्हायची संधी मला आमच्या केमिस्ट साहेबांनी दिली. ते बंगालकडचे. संध्याकाळी क्वार्टरच्या ओट्यावर बसून गिटार वाजवायचे. मांडीवर ती पाटासारखी आडवी घ्यायची, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून घसरवायची आणि उजव्या हातानं छेडायचं. त्यातून गोड, रडवेला सूर निघायचा. मी कुंपणाला सायकल टेकवून ऐकत राहायचो. साहेबांना वाटलं, हा पोरगा संगीताचा दर्दी आहे. मलाही तेच वाटलं. दोघंही फसलो.

साहेबांची दुसऱ्या कारखान्यावर बदली झाली तेव्हा त्यांनी आपली जुनी गिटार माझ्या हवाली केली, आणि सोबत धड्यांचे छापील कागद. कागदावर सहा आडव्या रेघा आणि रेघांवर आकडे. साहेबांनी निघायच्या आदल्या संध्याकाळी मला समजावलं. सहा रेघा म्हणजे सहा तारा. आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्टीवर, कांडी ठेवायची तो नंबर. शून्य असलं की तार मोकळी छेडायची. झालं. मी "समजलं, समजलं" म्हणत मान हलवत होतो. हा आजार मला लहानपणापासून आहे. डोक्यात शिरायच्या आधीच मान हलते.

गिटार घरी आणली, सोप्यात बसलो, साहेबांसारखी ऐटीत मांडीवर आडवी घेतली. तेवढ्यात आबा, म्हणजे माझे वडील, रानातून आले.

"उठीव आदी त्येला."

"काय झालं आबा?"

"वाद्य निजवतूस? आजारी हाय का त्ये?"

आबा आमच्या भजनी मंडळाचे मृदंगवाले. आमच्याकडं सप्ताह बसला की वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात असेल तो उभा असतो. आबांच्या लेखी ज्याला तारा असतील ती वीणाच, मग ती बंगालची असो की लंकेची. मृदंग तर तुम्ही आडवाच वाजवता, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. पण मला माझे दात प्रिय होते. माझा चेहरा बघून आबांनीच उत्तर दिलं, "त्येला तारा न्हाईत. ह्या घरात तारंचं वाद्य उभं ऱ्हाईल, न्हायतर ऱ्हायचं न्हाय."

आईनं जुन्या धोतराचा पट्टा फाडून दिला. तो बांधून मी गिटार गळ्यात अडकवली आणि पोटाशी उभी धरली, दांडी डावीकडं, तारा समोरच्या माणसाकडं. इथंच घोळ झाला, आणि तो मला कितीतरी महिने कळला नाही. आता सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही तरी माझ्यासारखे अंधारात राहणार नाही. मांडीवर आडवी घेतली की बारीक तार आपल्यापासून सगळ्यात लांब जाते आणि जाडी तार पोटाजवळ येते. समोर कागद ठेवला तर त्यावरही बारीक तारेची रेघ लांबची, म्हणजे वरची. कागद आणि तारा एकमेकांसारख्याच दिसतात. म्हणून तर साहेबांनी कुठली रेघ कुठली तार हे सांगितलंच नाही. आंधळ्यालाही दिसेल ते काय सांगायचं! पण पोटाशी उभी धरली की जाडी तार वर येते. मी वरच्या रेघेला वरची तार धरली. दुसरं काय धरणार? कुणीही भला माणूस तेच करील. अशा रीतीनं साहेबांचा पहिला धडा मी डोकं खाली, पाय वर असा शिकायला लागलो.

बरं, कानाला तरी कळावं की नाही? तर साहेबांनी तारा अशा जुळवून दिलेल्या की कुठलीही छेडा, दुसरीशी तिचं जमायचंच. चूक असायची, पण गोड असायची. आणि पहिला धडा कसा वाजतो हे मी कधी ऐकलेलंच नव्हतं. ओट्यावर बसून साहेब कशाला पहिला धडा वाजवतील!

कांडी उभ्या तारांवर टेकवून धरणं म्हणजे शिक्षा. मनगट भरून यायचं, घाम फुटायचा आणि कांडी थेट पायाच्या अंगठ्यावर. त्या पावसाळ्यात माझ्या अंगठ्याचं नख काळं होतं. उसाचा हंगाम संपलेला, काट्यावर काम नाही, त्यामुळं मी सकाळ-संध्याकाळ वाजवायचो. मध्येच थांबून कागदात तोंड खुपसायचं, बोटानं रेघ धरायची, आकडा मोठ्यानं म्हणायचा, मग पडदे मोजत कांडी न्यायची. तोवर मागचा सूर मरून गार झालेला असायचा. शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात येऊन आईला विचारलं, "म्हस व्यायला झालीया का गं तुमची?" आई म्हणाली, "न्हाय बाई, थोरला शिकतूय." काकू म्हणाल्या, "आगं बया!" आणि माझ्याकडं अशा बघून गेल्या की मलाच कळा सुरू झाल्यासारखं वाटलं.

एकदा तार तुटली. सायकल मारत बारामतीला गेलो. पेटी-तबल्याच्या दुकानदारानं गिटारची तार म्हटल्यावर मला नखशिखांत न्याहाळलं. "ती काय असते?" म्हणाला. शेवटी एकतारीची तार घेऊन आलो. ती लावल्यावर सहांतली एक तार मध्येच भजनाला बसल्यासारखी वाजायची. मी म्हटलं, असू दे. तेवढंच आबांना बरं वाटेल.

कारण खरी गोष्ट ती होती. मला ना सिनेमात जायचं होतं, ना पुण्याच्या स्टेजवर. आबांनी एकदा माझ्यासाठी मृदंग पुढं ओढावा, एवढंच हवं होतं. आबांनी ज्याच्यासोबत साथीला मृदंग ओढला तो वाजवणारा, हे निमगाव केतकीपर्यंतच्या सगळ्या मंडळांत ठरलेलं. आणि ते सहजासहजी ओढत नसत. एका नामांकित पेटीवाल्याला त्यांनी "पुढल्या साली बघू" म्हणून वाटेला लावलं होतं. तो बिचारा अजून वाट बघत असेल. मला लहानपणी मृदंगाला बसवून त्यांनी तासाभरात उठवलं होतं. "तुझ्या हातात कायबी न्हाय" म्हणाले होते. ते मला लागलं होतं. अजूनही लागतं, खोटं कशाला बोलू?

श्रावणात मी धीर करून विचारलं, "आबा, माझ्यासंगट एकदा वाजवाल का?"

आबा पान लावत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "गनपतीत तुझ्या भनीकडं इंदापूरला भजन हाय. तितं चार मान्सांत वाजवून दाव. नीट वाजलं तर बघू. न्हायतर त्यो डबा साहेबाला माघारी धाडायचा."

झालं! मी जेवता-खाता आकडे म्हणायला लागलो. आई वैतागली, पण गंमत म्हणजे भाकरी थापताना तीच माझी चाल गुणगुणायची. धाकटी बहीणही गुणगुणायची. काकूसुद्धा एकदा धुणं वाळत घालताना पकडल्या गेल्या. आबा मात्र मी वाजवायला बसलो की उठून गोठ्यात जायचे. वैरण टाकायला म्हणून. इतकी वैरण आमच्या बैलांनी जन्मात खाल्ली नव्हती.

इंदापूरला एसटीनं गेलो. गिटार धोतरात गुंडाळलेली. कंडक्टर म्हणाला, "कोंबड्या हायत्या का आत? तिकीट पडंल." मी म्हटलं, "वाद्य हाय." तो म्हणाला, "मग वाजवू नगा म्हंजे झालं." आबा खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांच्या मिशा हलल्याचं मला वाटलं, पण रस्ताही तसाच होता.

बहिणीच्या सासऱ्यांच्या घरी दिवेलागणीला आरती झाली, मग भजन. आबांनी असा मृदंग वाजवला की गणपतीनं मान डोलवावी. भजन संपलं, प्रसाद वाटला. आबांनी मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक खरवडून काढली, मृदंग पुसला आणि गवसणीत घातला. ही कणीक दर वेळी ताजी भिजवून लावायची असते, तेव्हा कुठं मृदंग घुमतो. ती काढली म्हणजे मृदंगवाल्याचं काम संपलं. म्हणजे माझ्या वेळी मृदंग गवसणीतच राहणार होता. मला एकट्यानंच बुडायचं होतं.

मी उभा राहिलो, पट्टा गळ्यात घातला, कागद देव्हाऱ्यापुढच्या चौरंगावर ठेवला आणि सुरू केलं. कांडी पडेल म्हणून पाय आधीच मागं घेतला होता. पण वाजलं! पहिली ओळ वाजली, दुसरी वाजली. बायका पदर सावरून ऐकायला लागल्या. मी डोळे मिटून घेतले. एवढी मस्ती मला पुढं कधी चढली नाही, लग्नातसुद्धा नाही.

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. बहिणीच्या घरी माडीवर भाड्यानं राहणारे पाटबंधाऱ्याचे ओव्हरसियर साहेब होते. पुण्याचे, तिथं ही गिटार शिकलेले. तोंडावर रुमाल धरून हसत होते. माणूस वाईट नव्हता, पण त्याला आवरेना.

"अहो, थांबा, थांबा! हे सगळं उलटं वाजवताय तुम्ही. द्या इकडं."

त्यांनी माझ्या गळ्यातून गिटार काढून घेतली, खाली बसले, मांडीवर आडवी घेतली. कागदाकडं बघत तोच धडा वाजवला. देवा! काय गोड होता तो! लहान मुलानं धावत यावं असा सरळ, सोपा. आणि मी वाजवत होतो ते त्यापुढं काय होतं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं. आधी एक पोरगी हसली, मग तिची आजी, मग सोप्यातली सगळी माणसं. मीही हसलो. न हसून करतो काय? कानशिलं तापली होती, आणि डोळ्यांत पाणी येतंय की काय याचीच मला जास्त भीती होती.

"वरची रेघ ही बारीक तार असते," साहेब म्हणाले. "आणि ही उभी धरायचीच नाही मुळी. असली गिटार कुणी उभी धरतं का? कुणी सांगितलं तुम्हाला उभी धरायला?"

आबा खांबाला टेकून बसले होते. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. केमिस्ट साहेबांना गिटार माघारी धाडायची, हे माझ्या मनात ठरून गेलं होतं.

"म्या सांगिटलं," आबा म्हणाले.

सोप्यातलं हसू जागच्या जागी थांबलं.

"तारंचं वाद्य आमी निजवत न्हाय, साहेब. तुमी वाजिवलं त्ये ब्येस वाजिवलं. पर आमच्या घरात ह्ये आसंच वाजिवत्यात." मग माजघराकडं तोंड करून बहिणीला हाक मारली, "आगं ये, मूठभर कनीक भिजवून आन."

ओव्हरसियर साहेबांनी गिटार माझ्या हातात दिली. बहीण धावत कणीक घेऊन आली. आबांनी गवसणी सोडली, मृदंग पुढं ओढला, कणीक लावली, एक थाप मारून बघितली, थोडी काढली, पुन्हा थाप मारली. मला घाई झाली होती. त्यांना नव्हती.

"हं," म्हणाले. "धर."

मी पट्टा गळ्यात घातला आणि वरच्या जाड्या तारेपासून, म्हणजे चुकीच्या तारेपासून, पुन्हा सुरुवात केली. आबांचा ठेका मागून आला. तिसऱ्या ओळीत एक जागा होती, तिथं पडदा सापडायला मला कायम उशीर व्हायचा. घरी मी तिथं रोज अडखळायचो. ती जागा आली, माझा हात अडला, आणि नेमक्या तेवढ्याच वेळापुरता आबांनी तिथं एक छोटा तुकडा वाजवला आणि मला पडद्यावर आणून सोडलं. ऐकणाऱ्यांना वाटलं, ते तसंच बसवलेलं आहे.

ते माझ्यासोबत एकदाही बसले नव्हते. गोठ्यातून रोज सगळं ऐकत होते.